माता, मातेर, मदर

मंडळाच्या हळदीकुंकवाला एका भगिनीची नात इंग्रजी शब्द घोकत होती : मदर, ब्रदर. मी सहज म्हणाले, अगं, हे तर आपलेच माता नि भ्राता! घरी येऊन शोधू लागले, तेव्हा सर विल्यम जोन्स भेटले.

त्यांचा जन्म १७४६ चा, लंडनचा. तिसऱ्या वर्षीच वडील वारले. विधवा आईनेच मुलाला शिकविले. विल्यमने काही विचारले, की ती पुस्तकाकडे बोट दाखवी.

१७८३ साली ते न्यायाधीश होऊन कलकत्त्यास आले. इथले धर्मशास्त्र स्वतः वाचावे म्हणून संस्कृत शिकायचे, तर शिकवायला ब्राह्मण पंडित मिळेना! अखेर रामलोचन नावाच्या वैद्यांनी शिकविले. ग्रीक, लॅटिन त्यांना येतच होत्या. मातृला लॅटिनात मातेर. पण नुसते शब्द उसनेही घेता येतात. इथे क्रियापदांची घडणही जुळली : अस्ति, लॅटिन एस्त, ग्रीक एस्ति. १७८६ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या सभेत त्यांनी मांडले, की या भाषा एकाच, बहुधा लोपलेल्या, मूळ भाषेतून निघाल्या. म्हणजे संस्कृत त्यांची आई नव्हे, बहीण. खरे सांगते, मला हे पटायला वेळ लागला.

१७९३ मध्ये पत्नी ॲना मारिया प्रकृतीमुळे विलायतेस परतल्या. हिंदू कायद्याच्या ग्रंथाचे काम पुरे करण्यासाठी जोन्स मागे राहिले. दुसऱ्याच वर्षी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते कलकत्त्यातच वारले. त्यांचे सारे लेखन ॲना मारियांनी १७९९ मध्ये सहा खंडांत प्रसिद्ध केले.