गावोगावी वाचनालय असावं म्हणून आराखडा करणारे आसफ फैजी

जनाब आसफ अली असगर फैजी यांचं नाव आपल्याकडे वकील मंडळी हमखास ओळखतात. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1949 मध्ये आलं आणि आजही कोर्टात त्याचा आधार घेतला जातो. पण आपल्या गावात सार्वजनिक वाचनालय असतं, त्याला सरकार अनुदान देतं, या व्यवस्थेचा पहिला मोठा आराखडाही याच माणसाच्या हातून गेला. हे आमच्या शाळेतल्या मुलांना तर सोडाच, शिक्षकांनाही सहसा ठाऊक नसतं. म्हणून हा लेख.

फैजी साहेबांचा जन्म 10 एप्रिल 1899 चा, माथेरानचा. म्हणजे आजच्या हिशेबाने ते आपल्या रायगड जिल्ह्याचेच. घराणं सुलेमानी बोहरा, शिकलेलं, मुंबईच्या तय्यबजी घराण्याशी नात्याने जोडलेलं. मुरुडकरांना फैजी हे आडनाव नवीन नाही. जंजिऱ्याचे नवाब सिदी अहमद खान यांच्या बेगम नाझली आणि त्यांच्या बहिणी झोहरा व अतिया याच घराण्यातल्या. अतिया बेगम 1906 मध्ये शिकायला लंडनला गेल्या, तिथली त्यांची रोजनिशी लाहोरच्या उर्दू साप्ताहिकात छापून येत होती. मुलींनी वाचावं, लिहावं, छापावं हे ज्या घरात चालत होतं, त्या घराण्यातले हे आसफ साहेब.

त्यांनी मुंबईत कायद्याचं शिक्षण घेतलं, केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात अरबी-फारसीचा अभ्यास केला, बॅरिस्टर झाले आणि 1926 पासून मुंबई हायकोर्टात वकिली केली. 1938 मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

पुढच्याच वर्षी ग्रंथालयांचं काम त्यांच्याकडे आलं. त्या वेळी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं सरकार होतं. प्रौढांना साक्षर करण्याची मोहीम सुरू होती. पण अक्षरं शिकून माणूस वाचणार काय? गावात पुस्तक नसेल तर शिकलेलं दोन-तीन वर्षांत विसरतं. शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1910 नंतर गावोगावी मोफत वाचनालयं काढून दाखवली होती. इंग्रजी अमलातल्या मुंबई प्रांतात मात्र असं काही नव्हतं. वाचनालयं होती, पण ती शहरांत, वर्गणी भरणाऱ्यांसाठी. 1939 मध्ये सरकारने ग्रंथालय विकास समिती नेमली आणि अध्यक्ष केलं फैजींना. 1940 मध्ये समितीचा अहवाल आला.

अहवालातली कल्पना साधी होती. पुस्तकांची साखळी करायची. वर मुंबईत एक मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली पुणे, अहमदाबाद आणि धारवाड इथे प्रादेशिक ग्रंथालयं, मग जिल्हा, तालुका, मोठी गावं आणि शेवटी लहान खेडी. सगळं एकदम होणार नाही हे ओळखून सहा टप्पे पाडले. शिवाय सगळं नव्याने बांधत बसायचं नाही. लोकांनी आधीच चालवलेली वाचनालयं हाताशी धरायची, त्यांना मान्यता आणि मदत द्यायची.

अहवाल तयार झाला तोवर खेर सरकारने राजीनामा दिला होता, महायुद्ध पेटलं होतं. कागद बासनात गेले. पण वाया गेले नाहीत. 1947 च्या सुमारास त्यावर काम सुरू झालं. मुंबईत टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे मध्यवर्ती ग्रंथालयाची जबाबदारी आली, प्रादेशिक ग्रंथालयं निघाली, चालू वाचनालयांना जिल्हा-तालुका ग्रंथालय म्हणून अनुदान मिळू लागलं. पुढे 1967 मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. आज वाचनालयांच्या पाटीवर अ, ब, क, ड असा वर्ग लिहिलेला दिसतो तो या कायद्याखालचा. लोकांनी चालवायचं आणि सरकारने हातभार लावायचा, ही वाट फैजी समितीपासूनची.

फैजी साहेब नंतर इजिप्तला भारताचे राजदूत झाले, केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य होते, जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू होते. 1962 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. इस्लामच्या नव्या मांडणीबद्दल त्यांनी जे लिहिलं ते अनेक उलेमांना पटलं नाही, आजही पटत नाही. तो वाद आपल्या जागी आहे. पण पुस्तकाच्या बाबतीत ते जे बोलले ते त्यांनी स्वतः केलं, हे विरोधकालाही मान्य करावं लागेल.

इस्माइली पंथाची जुनी अरबी हस्तलिखितं पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत जपून, बहुतेक वेळा कुलूपबंद ठेवलेली असत. बाहेरच्याला ती दिसतही नसत. फैजींकडे असा मोठा संग्रह होता. तो त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. 1965 मध्ये विद्यापीठाने त्याची सूची छापली. फातिमी काळातले काझी नोमान यांचा फिकहवरचा मोठा अरबी ग्रंथ त्यांनी हस्तलिखितांवरून तपासून कैरोतून दोन खंडांत छापून आणला. ज्याला अरबी येते त्याला तो आता वाचता येतो, मग तो कुठल्याही पंथाचा असो.

1981 साली त्यांचं निधन झालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं होतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, इथल्या मोहल्ल्यांत आखातातून आलेल्या पैशांतून चांगल्या मशिदी, शादीखाने उभे राहिले. ते हवेतच. पण मोहल्ल्यात मुलीला संध्याकाळी बसून वाचता येईल अशी खोली किती ठिकाणी आहे? दहावी-बारावीच्या मुलांना आम्ही विचारतो, तर गावच्या वाचनालयाचे सभासद हात वर करणारे एक-दोनच निघतात. वाचनालय म्हणजे त्यांचं, आपलं नाही, असं कुठेतरी मनात बसलंय. ज्या योजनेतून ते उभं राहिलं ती एका मुसलमान प्राचार्याच्या अध्यक्षतेखाली तयार झाली, हे मुलांना सांगितलं तर ही अढी थोडी सैल होईल.

तेव्हा आमची विनंती एवढीच. या महिन्यात मुलांना घेऊन गावच्या वाचनालयात जा, घरातल्या एका मुलाचं आणि एका मुलीचं नाव नोंदवा. तिथे उर्दू पुस्तकं नसतील तर ग्रंथपालांकडे मागणी लिहून द्या. मागणीच नसेल तर पुस्तकं येणार कुठून? आणि घरात वडिलांची, आजोबांची पुस्तकं कपाटात कसर खात पडली असतील, तर ती जमातीच्या किंवा शाळेच्या वाचनालयाला द्या. आसफ साहेबांनी आपली सगळ्यात किमती पुस्तकं अशीच दिली होती.