फर्डिनांड पोर्शे : पेट्रोल आणि विजेचा मेळ घालणारा अभियंता

जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात २०१० साली पोर्शे कंपनीने ‘९१८ स्पायडर’ या हायब्रिड सुपरकारचे प्रारूप मांडले. पुढच्या वर्षी त्याच प्रदर्शनात कंपनीने बग्गीसारखी दिसणारी एक उघडी गाडी ठेवली. ती १९०० सालच्या ‘सेंपर व्हिवस’ची प्रतिकृती होती. पेट्रोल आणि वीज या दोहोंच्या आधारे धावणारी मूळ गाडी संस्थापक फर्डिनांड पोर्शे यांनी वयाच्या पंचविशीत घडवली होती. कंपनी स्थापन व्हायला तेव्हा ३१ वर्षांचा अवकाश होता.

पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्राकाम करणारे कारागीर होते. मुलाचे मन मात्र विजेत रमले. अठराव्या वर्षी तो व्हिएन्नात एका विद्युत कंपनीत रुजू झाला. पदवीसाठी त्याने कधी नाव नोंदवले नाही. तंत्रविद्यालयातील व्याख्याने तो फावल्या वेळी ऐकत असे.

पुढे राजघराण्यासाठी बग्ग्या बनवणाऱ्या लोनर यांच्या कारखान्यात त्यांनी पुढच्या चाकांच्या तुंब्यांतच विद्युत मोटर बसवलेली गाडी तयार केली. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात ती गाजली. अडचण होती ती वजनाची. शिशाची बॅटरीच चारशे किलोंहून अधिक भरत असे आणि तरीही लांबचा पल्ला गाठता येत नसे. पोर्शे यांनी बॅटरी लहान केली आणि गाडीवर दोन छोटी पेट्रोल इंजिने चढवली. ही इंजिने चाके फिरवत नसत. ती जनित्रे चालवत आणि त्या विजेवर चाके फिरत. ही रचना महाग व जड होती. साधी पेट्रोल मोटार स्वस्त होत गेली आणि रस्त्यावरची स्पर्धा तिने जिंकली.

१९०६ मध्ये पोर्शे ऑस्ट्रो-डाइमलरचे तंत्रप्रमुख झाले. त्यानंतर १९२३ मध्ये ते स्टुटगार्टला डाइमलर कंपनीत गेले आणि १९३१ मध्ये त्यांनी तेथेच स्वतःचे कार्यालय थाटले. १९३४ मध्ये त्यांच्याकडे सामान्यांच्या मोटारीचे, म्हणजे पुढे ‘बीटल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीचे काम आले. ते हिटलरच्या राजवटीने सोपवले होते.

त्यांच्या चरित्रातील काळा अध्याय येथून सुरू होतो. १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. पुढे एसएस संघटनेतील मानाचा हुद्दाही त्यांना मिळाला. ज्या फोक्सवागन कारखान्याच्या व्यवस्थापनात ते अग्रस्थानी होते, तेथे युद्धकाळात युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी यांच्यासह सुमारे २० हजार जणांना सक्तीने राबवण्यात आले. पेट्रोल-विजेच्या मेळाची त्यांची जुनी कल्पनाही याच काळात रणगाड्यांत उतरली. त्यांचा ‘टायगर’ रणगाड्याचा आराखडा नाकारला गेला. पण त्याच्या तयार सांगाड्यांवर बांधलेली ‘फर्डिनांड’ ही रणगाडाभेदी वाहने १९४३ मध्ये कुर्स्कच्या रणभूमीवर उतरली. त्यांची चाकेही जनित्राच्या विजेवरच फिरत होती.

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्यांना अटक केली. ऑगस्ट १९४७ मध्ये ते सुटले, तेव्हा प्रकृती खालावली होती. दरम्यान पुत्र फेरी यांनी ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे व्यवसाय सावरला होता. १९४८ मध्ये तेथे ‘३५६’ ही पोर्शे नाव लावणारी पहिली क्रीडामोटार रस्त्यावर आली. ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्टमध्ये फर्डिनांड पोर्शे यांचे निधन झाले.

‘९१८ स्पायडर’चे उत्पादन २०१३ मध्ये सुरू झाले आणि ९१८ गाड्या तयार करून २०१५ मध्ये थांबले. व्ही-८ इंजिन व दोन विद्युत मोटर यांची एकत्रित ताकद ८८७ अश्वशक्ती होती. नुरबर्गरिंगची फेरी तिने ६ मिनिटे ५७ सेकंदांत पूर्ण केली. या गाडीत इंजिन मागची चाके थेट फिरवते, त्यामुळे तिची रचना ‘सेंपर व्हिवस’हून वेगळी आहे. पुढची चाके मात्र तिच्यातही १९०० सालच्या त्या गाडीप्रमाणे केवळ विजेवरच फिरतात. कंपनी आपल्या हायब्रिड गाड्यांचा वारसा याच गाडीशी जोडते. या वारशात लोनरच्या कारखान्यातील तरुण कारागीर येतो, तसा युद्धकाळातील व्यवस्थापकही येतो.