नाथमहाराजांचा प्रपंच

घरदार, पोरेबाळे, शेतीभाती, देणेघेणे यांतून हरिस्मरणाला वेळ काढायचा तरी कधी, असे पुष्कळ वारकरी मंडळी विचारतात. वारी कशीबशी घडते, पण नेमाला आणि वाचनाला दिवस पुरत नाही म्हणतात. हा प्रश्न निघाला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे पैठणचा नाथांचा वाडा उभा राहतो. श्रीखंड्याची कावड, रामेश्वराला न्यायची गंगा तहानेल्या गाढवाला पाजली ती कथा, तापल्या वाळवंटात रडणारे अंत्यजाचे पोर महाराजांनी कडेवर घेतले तो प्रसंग, हे सारे सर्वांना कीर्तनातून पाठ आहे. ते पुन्हा सांगत बसत नाही. आज नाथांच्या घरात डोकावू आणि त्यांचे कष्ट पाहू.

भानुदासमहाराजांचे हे पणतू. जन्म इ. स. १५३३ च्या सुमाराचा धरतात. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघेही लेकरू अजाण असतानाच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी नातवाला वाढविले. बारा वर्षांचे असतील नसतील, तोच हे पोर घरी न सांगता देवगडास, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी निजामशाहीचे किल्लेदार. दत्तभक्त खरे, पण हाताखाली फौज, दप्तर, जमाखर्च सगळे. तेव्हा नाथांची गुरुसेवा म्हणजे नुसते पाय चेपणे नव्हे. हिशेब लिहिणे हेही सेवेतच आले.

एकदा जमाखर्चात एका पैची चूक राहिली. ती शोधण्यात सारी रात्र गेली. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजविली आणि स्वामी जागे झाले. एका पैसाठी एवढा आनंद, मग जन्माचा हिशेब सुटला तर केवढा होईल, अशा अर्थाचे स्वामी बोलले, असे चरित्रकार सांगतात. कीर्तनात या कथेचा परमार्थ सांगतात तो योग्यच. आम्हांला मात्र त्यातला कारकूनही फार आवडतो. कारण याच डोळ्यांनी आणि याच चिकाटीने महाराजांनी पुढे इ. स. १५८४ मध्ये, शके १५०६ ला, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. माउलींनी ग्रंथ सांगितला त्याला तेव्हा २९४ वर्षे झाली होती. नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. प्रती जमवायच्या, ओवी ओवीशी ताडून पाहायची, आणि आपला एक शब्दही मध्ये घालायचा नाही. स्वतः एवढे मोठे कवी, पण हात आवरून धरला. आज आपण पारायणाला बसतो ते या कष्टांच्या जोरावर, बरे का!

गुरुसेवा झाली, तप झाले, तीर्थयात्रा झाली. मग स्वामींची आज्ञा आली ती घर मांडण्याची. आजी-आजोबा पैठणला वाट पाहत होते. नाथांनी गिरिजाबाईंशी लग्न केले. दोन कन्या आणि हरी नावाचा पुत्र झाला. वाड्यात उद्धव होता, गावबा नावाचा मुलगा होता, आल्यागेल्याला तर गणतीच नाही. पहाटे गोदास्नान, मग पूजा, दुपारी पुराण, पंक्तीला अतिथी, रात्री कीर्तन, असा दिवस. आज गोदेवर १९७६ साली पुरे झालेले जायकवाडीचे धरण आहे, त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. पण नाथांच्या काळची गोदा मोकळी वाहत होती आणि घागरी तिथूनच भरून आणाव्या लागत. एवढ्या माणसांचा स्वयंपाक गिरिजाबाईंनी कसा उरकला असेल, हे आमच्या माताभगिनींनाच नीट कळेल. अवेळी पाहुणा आला तरी त्या माउलीच्या कपाळाला आठी पडली असे कोणी लिहून ठेवलेले नाही.

आणि या गर्दीत लेखन! रुक्मिणीस्वयंवर इ. स. १५७१ मधले. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पैठणास सुरू झाली आणि काशीस इ. स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला पुरी झाली. सुमारे १८,८०० ओव्या! प्राकृतात भागवत लिहिले म्हणून काशीच्या पंडितांनी आधी डोळे वटारले आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, ही कथा प्रसिद्ध आहे. याशिवाय अभंग आणि भारुडे आहेतच. भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या सगळे भेटतात. ही माणसे महाराजांना पोथीत कुठून सापडणार? दारावर आलेली, बाजारात पाहिलेली ती माणसे.

पण सर्वांत अवघड कष्ट महाराजांना घरातच पडले. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान निघाला. त्याला बापाचे प्राकृत पुराण आवडेना, बाप कोणाच्याही घरी जेवतो हे तर मुळीच खपेना. शेवटी तो रुसून काशीला निघून गेला. जगाने छळले ते नाथांनी हसून सोसले. अंगावर वारंवार थुंकणारा यवनही त्यांचा राग काढू शकला नाही. पण पोटच्या पोराने लाज धरावी, हे दुःख निराळे. महाराज काशीला गेले. वाद घालायला नव्हे, समजूत घालून मुलाला घरी आणायला. पुराण संस्कृतातून सांगीन आणि परान्न घेणार नाही, अशा दोन अटी त्यांनी मान्य केल्या. ज्यासाठी जन्म घातला तेच मुलासाठी बाजूला ठेवले. पुराणाला बसणारी गरीबगुरीब माणसे हळूहळू येईनाशी झाली. नाथ गप्प राहिले.

पुढे एका गरीब विधवेचा सहस्रभोजनाचा संकल्प राहून गेला होता. एका नाथांना जेवू घातले की तो पुरा होईल, असे तिला कोणी सांगितले. महाराज तिच्या घरी जेवले. स्वयंपाक हरिपंडितानेच केला होता. पत्रावळ उचलू गेला तर तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या आणि तो बापाच्या पायांवर पडला. कथेत पत्रावळी मोजतात. आम्ही मात्र काशीचा तो रस्ता मोजतो. पुन्हा प्राकृत पुराण सुरू झाले, माणसे परत आली. आणि गंमत पाहा, याच घराण्यातला मुलीचा मुलगा मुक्तेश्वर पुढे प्राकृतातच महाभारत लिहून मोठा कवी झाला.

अखेरीस महाराजांनी भावार्थ रामायण हाती घेतले. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि फाल्गुन वद्य षष्ठीला, शके १५२१ मध्ये, गोदातीरी कीर्तन करून त्यांनी देह ठेवला. गुरूंची पुण्यतिथीही हीच. रामायण अर्धे राहिले ते गावबाने पुरे केले. पुरणपोळीसाठी हट्ट धरतो म्हणून आई कंटाळली, आणि गिरिजाबाईंनी रोज पोळी द्यायचे कबूल करून ज्याला घरात ठेवून घेतले, तोच हा मुलगा.