इराणात बी पेरणारे रेव्ह. हेन्री मार्टिन

गावोगाव प्रभूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंच्या मनात एक विचार वारंवार येतो. आपण इतकी वर्षे ह्या गावी येतो, लोक बसावयास घोंगडी घालतात, ऐकतात, आणि पुन्हा आपापल्या कामास लागतात. मग आपल्या श्रमांचे फळ ते कोणते? ज्यांच्या मनास हा विचार शिवला असेल त्यांच्याकरिता आज आम्ही रेव्ह. हेन्री मार्टिन ह्यांचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. इराणासारख्या विस्तीर्ण देशाच्या पुरातन शहरांतून व ओसाड डोंगरांतून प्रवास करून हे सत्पुरुष वयाच्या ३१ व्या वर्षी परमुलखात निवर्तले. त्या देशात आपल्या हातून एकाचाही बाप्तिस्मा झालेला त्यांनी पाहिला नाही.

त्यांचा जन्म इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात ट्रूरो गावी १८ फेब्रुवारी १७८१ रोजी झाला. वडील एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते. मुलगा प्रकृतीने नाजूक, पण बुद्धीने असामान्य. केंब्रिज येथील विद्यापीठात १८०१ साली गणिताच्या परीक्षेत ते सर्वांत पहिले आले. परंतु आदल्याच वर्षी वडील वारले होते आणि त्या दुःखात त्यांचे मन देवाच्या वचनाकडे वळले होते. त्यामुळे हा मोठा मान हाती येताच त्यांस तो पोकळ वाटला. चार्ल्स सिमियन ह्या पाळकांच्या सहवासात त्यांचा विश्वास दृढ झाला. अमेरिकेतील रानात मूळच्या रहिवाशांमध्ये सेवा करणारे डेव्हिड ब्रेनर्ड ह्यांचे चरित्र त्यांनी वाचले, आणि आपणही दूर देशी जावे असा निश्चय केला. ज्या बाईवर त्यांचे मन जडले होते त्या लिडिया ग्रेनफेल हिंदुस्थानात येऊ शकल्या नाहीत. मार्टिनसाहेब एकटेच निघाले व १८०६ साली ईस्ट इंडिया कंपनीचे पाद्री म्हणून कलकत्त्यास पोहोचले.

प्रथम दिनापूर व पुढे १८०९ पासून कानपूर येथे त्यांची नेमणूक होती. पलटणीतील गोऱ्या शिपायांची उपासना चालविणे एवढेच त्यांचे ठरलेले काम. पण कानपुरास दर रविवारी त्यांच्या आवारात शेकडो भिकारी व फकीर जमत, त्यांस ते भिक्षा देत व देवाचे वचन सांगत. कोणी हसत, कोणी शिव्या देत. शेजारच्या बागेत बसून मौजेखातर ऐकणाऱ्यांत शेख सालेह नावाचा एक तरुण होता, त्याची गोष्ट पुढे येईल. ह्याच वर्षांत मार्टिनसाहेबांनी नव्या कराराचे उर्दू भाषांतर सिद्ध केले. तो ग्रंथ १८१४ साली श्रीरामपूर येथे छापला गेला.

फारसी भाषांतराचे काम मात्र अडले. सबात नावाच्या एका अरब विद्वानाकडून ते करविले होते. पण त्यात अरबी शब्दांची इतकी भर होती की ते साध्या माणसास कळणार नाही, असा जाणत्यांचा अभिप्राय पडला. मार्टिनसाहेबांची छाती तेव्हा क्षयाने पोखरलेली होती. वैद्यांनी समुद्रप्रवास करावयास सांगितले. त्यांस घरी इंग्लंडास जाता आले असते. परंतु ज्या लोकांसाठी ग्रंथ करावयाचा त्यांच्याच देशी जाऊन, त्यांच्याच तोंडची भाषा ऐकून तो नव्याने करावा, असे त्यांनी ठरविले.

जानेवारी १८११ मध्ये ते कलकत्त्याहून गलबतात बसले. पुढे आपल्या प्रांतात प्रसिद्धीस आलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे पुण्यास रेसिडेंट म्हणून येण्यास निघालेले त्याच गलबतावर होते. वाटेत गोव्यास उतरून मार्टिनसाहेबांनी फ्रान्सिस झेवियर ह्यांची कबर पाहिली. फेब्रुवारीत ते मुंबईस आले व सुमारे पाच आठवडे राहिले. मराठी लोकांत काम करणारे अमेरिकन मिशन तेव्हा अजून आले नव्हते. ते १८१३ साली आले. इराणात वकील म्हणून जाऊन आलेले सर जॉन माल्कम ह्यांच्याकडून ओळखीची पत्रे घेऊन मार्टिनसाहेब मार्चअखेर पुढे निघाले.

मे महिन्यात ते इराणच्या किनाऱ्यावर बुशहर बंदरी उतरले. दाढी वाढवून व इराणी पोशाख करून ते खेचरांच्या काफिल्याबरोबर शिराझकडे चालले. प्रवास रात्रीचा, कारण दिवसा तंबूत पारा १२६ अंशांपर्यंत चढे. अंगावर ओले फडके गुंडाळून ते पडून राहत व सूर्य मावळण्याची वाट पाहत. मग डोंगरांचे कडे आले; निमुळत्या वाटेवरून अंधारात खेचर टाकील त्या पावलावर भरवसा ठेवून वर चढावयाचे. आजारी मनुष्यास हा प्रवास कसा झाला असेल ह्याची कल्पना करावी.

शिराझ हे सादी व हाफिझ ह्या थोर कवींचे गाव. येथे मार्टिनसाहेब सुमारे एक वर्ष राहिले. यजमानांचे मेहुणे मिर्झा सय्यद अली ह्यांना घेऊन ते रोज भाषांतरास बसत. शहराबाहेर बागेत, वाहत्या पाण्याच्या काठी तंबू ठोकून काम चाले. मुल्ला व विद्वान वाद करावयास येत. साहेब शांतपणे उत्तर देत. मध्यंतरी पर्सेपोलिस येथे जाऊन त्यांनी प्राचीन इराणी राजांच्या वाड्यांचे भग्न खांब पाहिले. फेब्रुवारी १८१२ मध्ये नवा करार पुरा झाला, आणि पाठोपाठ स्तोत्रसंहिताही.

ग्रंथाची सुंदर हस्तलिखित प्रत फत्तेअली शहांस अर्पण करावी म्हणून ते इस्फहानवरून उत्तरेस शहांच्या छावणीत गेले. तेथे वजिराच्या डेऱ्यात मुल्लांनी त्यांस घेरले आणि महंमद हे देवाचे पैगंबर अशी कबुली द्यावी असा आग्रह धरला. भोवती एकही मित्र नव्हता. मार्टिनसाहेबांनी प्रभू येशू हा देवाचा पुत्र असल्याची साक्ष दिली. सभेत संताप उसळला. लोक उठून जाऊ लागले तेव्हा जमिनीवर ठेवलेला ग्रंथ पायदळी जाईल ह्या भीतीने ते गर्दीत शिरले, तो उचलला, व सर्वांच्या तिरस्काराच्या नजरेदेखत वस्त्रात गुंडाळून घेतला. इंग्रज वकिलाचे पत्र नसल्यामुळे शहांची भेट झालीच नाही.

तब्रीझ येथे पोहोचले ते तापाने फणफणलेले. वकील सर गोर औसली व त्यांच्या पत्नी ह्यांनी दोन महिने त्यांची शुश्रूषा केली. किंचित बरे वाटताच २ सप्टेंबर १८१२ रोजी ते घोड्यावर बसून कॉन्स्टँटिनोपलच्या १३०० मैलांच्या वाटेस लागले. तेथून मायदेशी जावे असा बेत होता. एच्मियाझिन येथील आर्मेनी मठात त्यांचा प्रेमाने सत्कार झाला. पण पुढे बरोबरच्या तातार वाटाड्याने तापातही त्यांस विसावा मिळू दिला नाही. तुर्कांच्या मुलखात तोकात गावी १६ ऑक्टोबर १८१२ रोजी त्यांचा अंत झाला. आर्मेनी ख्रिस्ती लोकांनी त्यांस मूठमाती दिली.

वाचकहो, येथे चरित्र संपले, पण काम संपले नव्हते. सर गोर औसली ह्यांनी तो ग्रंथ शहांस सादर केला व शहांनी त्याची प्रशंसा केली. १८१५ साली तो रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे छापला गेला, आणि ज्या वाटांनी मार्टिनसाहेब एकटे गेले त्या वाटांनी फारसी नवा करार वाचकांच्या हाती जाऊ लागला. आणि तो शेख सालेह? नव्या कराराची प्रत बांधावयास त्याच्या हाती आली असता त्याने ती वाचून काढली. १८११ साली, साहेब कलकत्ता सोडून गेल्यानंतर, त्याचा बाप्तिस्मा होऊन अब्दुल मसीह हे नाव त्यास मिळाले. त्याने आग्रा येथे मंडळी जमविली, आणि १८२५ साली बिशप हेबर ह्यांनी त्यास पाळकपदाची दीक्षा दिली. भिकाऱ्यांपुढे केलेला उपदेश भिंतीपलीकडे कोणाच्या अंतःकरणात पडत होता, हे त्या वेळी सांगणाऱ्यास ठाऊक नव्हते.

आमच्या बंधूंनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. समोर बसलेल्यांची डोकी मोजून आपल्या कामाचे मोल ठरवू नये. कुडाआड उभे राहून कोण ऐकत आहे हे प्रभूला ठाऊक असते. मृगात पेरणी करणारा कुणबी रोज माती उकरून बी पाहत नाही. आणि वचन सांगावे तेही श्रोत्याच्या घरच्या बोलीत सांगावे, कारण त्याच एका गोष्टीसाठी मार्टिनसाहेबांनी आपले प्राण वेचले. येत्या रविवारी आपण जेव्हा आपल्या भाषेतील शास्त्र उघडू, तेव्हा अशा भाषांतरकर्त्यांबद्दल देवाचे उपकार मानावे, आणि ज्या गावी अजून कोणी मान डोलावली नाही त्या गावी पुन्हा एकदा जावे, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.