‘एक’ रिकामा सोडणारा आर्सेनियो

साल्साच्या क्लासला जाताय? मग पहिल्याच महिन्यात हा वाद तुमच्या कानावर आला असेल. ‘ऑन वन’ की ‘ऑन टू’? मोजायचं सगळ्यांनी आठपर्यंतच. पण लॉस एंजेलिसवाले दिशा बदलतात ती पहिल्या बीटवर आणि न्यूयॉर्कवाले दुसऱ्यावर. क्यूबातल्या जुन्या ‘सोन’ नाचात तर पहिला बीट चक्क रिकामा सोडायचा. पाय टाकायचे दोन-तीन-चार, सहा-सात-आठ. तबल्याच्या भाषेत सांगायचं, तर समेवर गप्प राहायचं! याला तिथे ‘कोन्त्रातिएम्पो’ म्हणतात. सवय नसेल तर पाय नुसते अडखळतात.

या ‘दोन’ला बळ देणारा माणूस मात्र आंधळा होता. आर्सेनियो रॉड्रिगेझ.

जन्म १९११ चा, क्यूबाच्या मातान्सास प्रांतातला. लहानपणीच जनावराची लाथ बसली आणि दृष्टी गेली. पण घरात काँगोकडून आलेली गाणी होती, ढोल होते. पोरगं त्यातच वाढलं. पुढे त्याने ‘त्रेस’ हातात घेतलं. हे गिटारच्या घराण्यातलं वाद्य, तारांच्या तीन जोड्या असलेलं. कुटुंब हवानाला आलं आणि तिथल्या छोट्या सोन बँडमधून त्याचं नाव होऊ लागलं. १९३७ मध्ये त्याचं ‘ब्रुका मानिग्वा’ हे गाणं कासिनो दे ला प्लाया या बड्या ऑर्केस्ट्राने रेकॉर्ड केलं. गंमत बघा, तो ऑर्केस्ट्रा गोऱ्यांचा आणि गाणं गुलामीच्या वेदनेचं.

खरी उलथापालथ त्याने १९४० च्या सुमारास केली. तोवर सोन वाजवायला सहा-सात जण पुरायचे. बोंगो, गिटार, त्रेस, एखादा ट्रम्पेट. आर्सेनियोने पियानो आणला, ट्रम्पेट वाढवले आणि सर्वांत धाडसाचं म्हणजे कोंगा हा ढोल बँडमध्ये आणून बसवला. आज साल्सा म्हटलं की कोंगा डोळ्यांसमोर येतोच, पण तेव्हा तो रस्त्यावरचा, काळ्या वस्तीतला ढोल समजला जायचा. सभ्य हॉलमध्ये त्याला बंदी! आर्सेनियोचा भाऊच तो वाजवायचा. आता नीट ऐका, कारण नाचाचं सगळं गणित इथे आहे. कोंगाच्या नेहमीच्या ठेक्यात दुसऱ्या बीटवर कोरडी थाप पडते आणि चौथ्यावर घुमणारे खुले बोल येतात. म्हणजे ‘दोन’ कुठे आहे, हे नाचणाऱ्याला मोजावं लागत नाही, ढोलच सांगतो. आर्सेनियोची चाल संथ आणि ठोस, ‘सोन मोन्तुनो’ची. काळ्या लोकांच्या क्लबांमध्ये आणि ला त्रोपिकालच्या बागेत त्यावर गर्दी नाचायची. लोक त्याला ‘अद्भुत आंधळा’ म्हणू लागले. बुएना विस्ता सोशल क्लबमधला म्हातारा पियानिस्ट रुबेन गोन्झालेस आठवतो? तरुणपणी तो याच्याच बँडमध्ये होता.

गाण्याच्या शेवटी ट्रम्पेटचे एकावर एक थर चढवून लोकांना पेटवायचा प्रकारही आर्सेनियो करायचा. मॅम्बोचा जनक मीच, असा त्याचा कायम दावा. दावेदार इतरही होते आणि माझ्या मते मॅम्बो कुणा एकाचा नाहीच. पण पैसा आणि प्रसिद्धी गेली पेरेझ प्रादोकडे. लू बेगाने गाजवलेलं ‘मॅम्बो नंबर ५’ मुळात त्याचंच, १९४९ चं.

१९४७ मध्ये आर्सेनियो न्यूयॉर्कला गेला तो डोळ्यांसाठी. एका नामांकित नेत्रतज्ज्ञाने तपासलं आणि दृष्टी परत येणार नाही, असं सांगितलं. त्यानंतर त्याने एक बोलेरो रचलं. त्याच्या नावाचा अर्थ, आयुष्य म्हणजे स्वप्न. तुम्ही ऐकलंत, तर शब्द कळले नाहीत तरी पोहोचतं.

पन्नाशीच्या दशकात तो न्यूयॉर्कलाच स्थायिक झाला. हवानातला बँड त्याने ट्रम्पेटवादक चापोतिनच्या हवाली केला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मॅम्बोची लाट होती. ब्रॉडवेवरच्या पॅलेडियममध्ये माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रॉड्रिगेझ यांचे बँड गाजत होते. भरपूर सॅक्सोफोन, चकचकीत, वेगवान. आर्सेनियोचं संथ सोन तिथल्या शोबाज नाचाला जड वाटायचं. त्याचे चाहते ब्रॉन्क्स आणि ईस्ट हार्लेमच्या हॉलमध्ये होते. निष्ठावान, पण थोडे. रेकॉर्ड निघत राहिले, पण काळ पुढे सरकला होता. शेवटी तो लॉस एंजेलिसला गेला आणि ३० डिसेंबर १९७० ला तिथेच वारला. जिथे त्याने शेवटचा श्वास घेतला, त्याच शहराच्या नावाने आज ‘ऑन वन’ ओळखलं जातं!

आणि मग लगेच साल्साचा धमाका झाला. न्यूयॉर्कच्या सत्तरच्या दशकातले बँड ऐका. कोंगा, पियानो, ट्रम्पेटच्या रांगा, शेवटचा तापत जाणारा मोन्तुनो. सांगाडा आर्सेनियोचाच. ब्रुकलिनचा ज्यू पियानिस्ट लॅरी हार्लो तर त्याचा इतका भक्त की लोक त्याला ‘अद्भुत ज्यू’ म्हणायचे. त्याने १९७१ मध्ये आर्सेनियोच्या नावाने आख्खा अल्बम काढला. आर्सेनियोला जाऊन तेव्हा वर्षभरही झालं नव्हतं.