ज्याच्या घड्याळाची जगभर ‘फर्स्ट कॉपी’ निघते, त्या रोलेक्सवाल्याचं पहिलं घड्याळही दुसऱ्यांच्या पार्टवरच उभं होतं

जगात जर्मनी, भारतात परभणी. परभणीचा माणूस पुण्या-मुंबईत गेला आणि गावाचं नाव सांगितलं, की समोरचा ही म्हण ऐकवणारच. कधी कौतुकानं, बऱ्याचदा टोमणा म्हणून.

पण या म्हणीतल्या दोन्ही गावांना जोडणारी एक गोष्ट आहे. परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. अशा उरुसातल्या काय किंवा कुठल्याही गावच्या बाजारातल्या काय, घड्याळांच्या स्टॉलवर उभं राहा. चकचकीत डायल, त्यावर बाराच्या आकड्याजवळ पाच टोकांचा मुकुट आणि खाली नाव, रोलेक्स. किंमत काही शे रुपये. दुकानदारही ते खरं असल्याचं सांगत नाही आणि घेणाराही तसं मानत नाही. ‘फर्स्ट कॉपी’ म्हटलं की विषय संपला.

हा मुकुट ज्याच्या कंपनीचा, तो माणूस जन्मानं जर्मन. नाव हान्स विल्सडॉर्फ.

आता यात एक नवीन भर पडली आहे. काही हौशी पोरं तयार कॉपी घेण्याऐवजी घड्याळ स्वतःच जुळवतात. केस एकीकडून मागवायची, डायल दुसरीकडून, काटे तिसरीकडून आणि आत सायको कंपनीचं एनएच ३५ नावाचं ऑटोमॅटिक मशीन बसवायचं. या मशीनमध्ये २४ ज्वेल असतात, ते तासाला २१,६०० ठोके देतं आणि पूर्ण चावी भरलेली असली की साधारण ४१ तास चालतं. सुटं मिळतं, दुरुस्तीला सोपं, म्हणून या छंदातल्या लोकांचं लाडकं. चिमटा, डोळ्याला लावायचं भिंग, काटे दाबायचं हत्यार आणि धूळ न येणारी खोली एवढं असलं की काम सुरू होतं. याला ते मॉडिंग म्हणतात.

खरं घड्याळ आणि जुळवलेलं घड्याळ यात फरक काय, हा वाद या छंदात कायमचा आहे. विल्सडॉर्फचं आयुष्य बघितलं तर या वादाचं उत्तर वाटतं तितकं सरळ राहत नाही.

बाराव्या वर्षी पोरका

२२ मार्च १८८१ रोजी बव्हेरियातल्या कुल्मबाख गावात त्याचा जन्म झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा धंदा होता. आई गेली, मागोमाग वडील गेले आणि बारा वर्षांचा होईपर्यंत हान्स आणि त्याची भावंडं पोरकी झाली. मामा-काकांनी धंदा विकला आणि त्या पैशातून मुलांना शिकवलं. हान्स कोबुर्गच्या बोर्डिंग शाळेत गेला. गणित आणि भाषा हे त्याचे आवडते विषय. पुढे याच दोन गोष्टींवर त्याचं सगळं उभं राहिलं.

शिक्षण संपल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला. आधी जिनिव्हात मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे आणि मग १९०० मध्ये ला शो-द-फों या घड्याळांच्या गावात क्युनो कॉर्टेन या निर्यातदाराकडे. पगार महिन्याला ८० फ्रँक. इंग्रजी पत्रव्यवहार हे मुख्य काम. त्याच्या जोडीला रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना चावी द्यायची आणि ती वेळ बरोबर दाखवतात का ते तपासायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तो घड्याळजी नव्हता. घड्याळ घडवण्याचं रीतसर शिक्षण त्यानं घेतलंच नाही. पण कोणत्या कारखान्याचं मशीन चांगलं आणि कोणाची केस टिकाऊ, हे त्याला या नोकरीत कळलं.

मशीन एकाचं, केस दुसऱ्याची

१९०३ च्या सुमारास तो लंडनला आला. १९०५ मध्ये आल्फ्रेड डेव्हिस याच्याबरोबर त्यानं ‘विल्सडॉर्फ अँड डेव्हिस’ ही कंपनी काढली. पुढे डेव्हिसनं हान्सच्या बहिणीशीच लग्न केलं, म्हणजे भागीदार मेव्हणाही झाला.

या कंपनीचा कारखाना नव्हता. स्वित्झर्लंडच्या बील गावातल्या एगलर यांच्याकडून मशीन यायचं. केस इंग्लंडमधल्या डेनिसनसारख्या कंपन्यांकडून यायच्या. विल्सडॉर्फ दोन्ही एकत्र आणायचा आणि सराफांना विकायचा. सराफ डायलवर स्वतःच्या दुकानाचं नाव टाकायचे. विल्सडॉर्फ अँड डेव्हिसची खूण म्हणजे झाकणाच्या आत कोरलेली ‘डब्ल्यू अँड डी’ ही अक्षरं. ती फक्त घड्याळ उघडणाऱ्या कारागिराला दिसायची.

म्हणजे आज मॉडिंग करणारा पोरगा टेबलावर जे करतो, तोच धंदा विल्सडॉर्फ मोठ्या प्रमाणावर करत होता. एकट्या त्याचाच नाही, त्या काळातला घड्याळांचा बराचसा व्यापार असाच चालायचा.

त्याचं वेगळेपण दुसरीकडे होतं. तेव्हा पुरुष घड्याळ खिशात ठेवायचे. मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना. एवढ्याशा मशीनची वेळ बरोबर राहणार नाही आणि हाताच्या हालचालीनं ते बिघडणार, असं जाणकारांचं मत होतं. विल्सडॉर्फनं याच घड्याळावर पैसा लावला आणि एगलर यांना छोट्या मशीनची मोठी ऑर्डर दिली.

पाच अक्षरांचं नाव

दुसऱ्याच्या नावानं माल विकून पुढे जाता येणार नाही, हे त्याला कळत होतं. त्याला छोटं, कोणत्याही भाषेत उच्चारता येईल आणि डायलवर मावेल असं नाव हवं होतं. लंडनमध्ये घोड्यांच्या बसच्या वरच्या मजल्यावर बसून जाताना हे नाव सुचल्याचं तो पुढे सांगायचा. २ जुलै १९०८ रोजी ‘रोलेक्स’ हे नाव नोंदवलं गेलं.

नाव नोंदवलं, पण सराफ ते डायलवर घेईनात. गिऱ्हाईक आमचं, मग नाव तुमचं का, असा त्यांचा सवाल. विल्सडॉर्फनं भांडण केलं नाही. सहा घड्याळांच्या खोक्यात एका घड्याळावर रोलेक्स छापून पाठवायला सुरुवात केली. ते खपलं की दोन, मग तीन. सगळ्या डायलवर नाव यायला जवळजवळ वीस वर्षं लागली.

या काळात तो घड्याळं सरकारी चाचण्यांना पाठवत राहिला. १९१० मध्ये बीलच्या तपासणी केंद्राकडून मनगटी घड्याळासाठी क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळालं. १५ जुलै १९१४ रोजी इंग्लंडच्या क्यू वेधशाळेनं त्याच्या छोट्या घड्याळाला ‘अ’ वर्गाचा दाखला दिला. चाचणी ४५ दिवसांची. पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत. एरवी या दर्जाचे दाखले जहाजावरच्या मोठ्या क्रोनोमीटरना मिळायचे.

त्यानंतर तीन आठवड्यांत इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरलं. खंदकातल्या सैनिकाला खिशातून घड्याळ काढायला वेळ नव्हता, त्यामुळे पुरुषांच्या मनगटावर घड्याळ आलं. पण युद्धानं अडचणीही आणल्या. इंग्लंडमध्ये जर्मन आडनावाची पाटी नकोशी झाली आणि १९१५ मध्ये कंपनीचं नाव बदलून रोलेक्स करावं लागलं. आयात घड्याळांवर ३३ टक्क्यांहून जास्त कर बसला. शेवटी त्यानं मुक्काम हलवला आणि १९२० मध्ये जिनिव्हात कंपनी नोंदवली.

एका थापेमुळे मिळालेली जाहिरात

धूळ आणि पाणी हे घड्याळाचे जुने शत्रू. १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ आलं. मागचं झाकण, काचेभोवतीची कडी आणि चावी, सगळं स्क्रूसारखं फिरवून घट्ट बसवायचं. स्क्रूच्या चावीची कल्पनाही विल्सडॉर्फची नव्हती. पेरेगो आणि पेरे या दोन स्विस माणसांचं पेटंट त्यानं विकत घेतलं होतं.

मग ते लोकांना पटवायचं कसं? इथे त्याच्या मदतीला आली एक थाप.

ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही टायपिस्टचं काम करणारी मुलगी इंग्लिश खाडी पोहून गेली. काही दिवसांत आणखी एका बाईनं त्याहून कमी वेळात खाडी पार केल्याचा दावा केला. तो खोटा निघाला आणि सगळ्याच जलतरणपटूंवर संशय आला. आपलं पोहणं खरं होतं हे दाखवण्यासाठी ग्लाइट्झ २१ ऑक्टोबरला पुन्हा पाण्यात उतरली. विल्सडॉर्फनं तिला ऑयस्टर दिलं आणि ते तिनं गळ्यात अडकवलं.

पाणी भयंकर थंड होतं. दहा तासांहून जास्त वेळ पोहल्यावर, किनारा काही मैलांवर असताना तिला बाहेर काढावं लागलं. पोहणं अर्धवट राहिलं, पण तिची जिद्द बघून लोकांचा संशय गेला. गळ्यातलं घड्याळ चालूच होतं. महिन्याभरानं, २४ नोव्हेंबरला, विल्सडॉर्फनं ‘डेली मेल’चं अख्खं पहिलं पान विकत घेऊन ही जाहिरात छापली.

१९३१ मध्ये हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं ‘पर्पेच्युअल’ आलं. त्याआधीच, १९२६ मध्ये, ‘ट्यूडर’ हे नाव त्यानं नोंदवून घेतलं होतं. कमी पैशात रोलेक्ससारखं घड्याळ देणं हा त्यामागचा हेतू. पुढे ट्यूडरमध्ये केस रोलेक्सच्या दर्जाची आणि मशीन बाहेरून घेतलेलं असायचं. स्वतःच्या घड्याळाची स्वस्त आवृत्ती त्यानं स्वतःच काढली, पण वेगळ्या नावानं.

कैद्यांना उधार

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावण्यांत अडकलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची घड्याळं जप्त व्हायची. विल्सडॉर्फनं त्यांना कळवलं, की पत्रानं ऑर्डर द्या, घड्याळ पाठवतो, पैसे युद्ध संपल्यावर. कैदेतला माणूस सुटेल की नाही याचीच खात्री नाही, तरी जिनिव्हातून घड्याळं छावण्यांत गेली. क्लाइव्ह नटिंग या कैद्यानं मागवलेलं क्रोनोग्राफ आजही संग्राहकांच्या चर्चेत असतं.

१९४४ मध्ये पत्नी फ्लोरेन्स वारली. मूलबाळ नव्हतं. पुढच्याच वर्षी विल्सडॉर्फनं फाउंडेशन काढलं आणि कंपनीतली मालकी त्याच्या नावे करण्याची सोय केली. ६ जुलै १९६० रोजी जिनिव्हात त्याचा मृत्यू झाला. रोलेक्स आजही त्या फाउंडेशनच्याच मालकीची आहे.

आणि एगलर यांचा तो बीलचा कारखाना? तो रोलेक्सनं विकत घेतला २००४ मध्ये. म्हणजे जवळपास शंभर वर्षं रोलेक्सचं मशीन कागदोपत्री दुसऱ्याच कंपनीत बनत होतं.

मग खोटं काय?

सुटे भाग जुळवल्यानं घड्याळ खोटं ठरत नाही. तसं असतं तर विल्सडॉर्फचं पहिलं घड्याळही खोटंच म्हणावं लागेल. गडबड सुरू होते ती डायलवर.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. जुन्या एचएमटी, फाव्र-ल्यूबा आणि सायको घड्याळांच्या मशीनवर नवी छापलेली रंगीत डायल बसवून ती परदेशी गिऱ्हाइकांना विकली जातात. संग्राहकांत त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मशीन खरं, चालतंही नीट, पण डायल कंपनीची नसते आणि घेणाऱ्याला ते सांगितलेलं नसतं.

कायद्याचा रोखही इथेच आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार मालावर खोटा ट्रेडमार्क लावणं आणि असा माल विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. म्हणून जाणते मॉडर डायल कोरी ठेवतात किंवा त्यावर स्वतःचं नाव छापतात. घड्याळ तेच, मेहनत तीच, फक्त मुकुट नाही.

केस दुसऱ्याची, मशीन दुसऱ्याचं आणि चावीचं पेटंटही दुसऱ्याचं असलेल्या विल्सडॉर्फकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ते पाच अक्षरांचं नाव. ते डायलवर यावं म्हणून तो वीस वर्षं झगडला. स्टॉलवरच्या फर्स्ट कॉपीत उचललेलं असतं ते नेमकं तेच.