बाळंभटदादा देवधर : बळास विद्येची जोड

आमच्या चांदा आणि गडचिरोली या अरण्यप्रदेशातील मुलास बांबू परका नाही. वाटेत ओढा आडवा आला की हातातील बांबू पाण्यात रोवून तो सहज पलीकडच्या काठावर उतरतो. असाच एक दणकट विद्यार्थी आम्ही शालेय सामन्यांतील बांबूच्या उडीसाठी, म्हणजे पोल व्हॉल्टसाठी, निवडला होता. त्याचे दंड पाहूनच आम्ही निश्चिंत झालो. परंतु आडवी काठी जसजशी वर चढू लागली, तसतसा तो केवळ हातांनी अंग वर ओढू लागला. अधिक जोर लावावा, एवढेच आम्ही त्यास सांगत राहिलो, आणि अखेर एके दिवशी पडून त्याचे मनगट मोडले. दोष त्याचा नव्हता. बळाच्या पुढचा धडा आम्हीच त्यास दिला नव्हता. तेव्हापासून ज्या पुरुषाचे स्मरण आम्हांस वारंवार होते, त्याचे चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

बाळंभटदादा देवधर यांचा जन्म १७८० च्या सुमारास झाला. ते नाशिककडील गोदातीरच्या कोठुरे गावचे. दुसऱ्या बाजीरावांच्या अमदानीत अली व गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल निजामाच्या राज्यातून पुण्यास आले आणि पेशव्यांच्या दरबारी त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. त्यांची देहयष्टी व कीर्ती पाहून कोणी पुढे येईना. तेव्हा तरुण बाळंभटांनी ते आव्हान स्वीकारले. मात्र तयारीसाठी काही मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगी गडावर उपासनेस गेले आणि तेथे वृक्षांवर खेळणाऱ्या वानरांच्या चपळ हालचालींतून त्यांना मल्लखांबाची विद्या स्फुरली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. कथेचा भाग श्रद्धेचा असो. परंतु तिच्यातील एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानी घ्यावी. प्रतिस्पर्धी बलाढ्य आहे हे पाहून बाळंभट भ्याले नाहीत, की तसेच अंगावर धावूनही गेले नाहीत. ते आधी शिकावयास गेले. पुढे कुस्ती झाली, तीत अली पराभूत झाला आणि गुलाबाने आखाड्यात उतरण्याचे टाळले, असे सांगतात.

मल्लखांब हा शब्द काही त्यांनी निर्मिलेला नव्हे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. परंतु लोपत चाललेल्या त्या विद्येस बाळंभटदादांनी नवे जीवन दिले. त्यांचे खरे मोठेपण आम्हांस येथेच दिसते. कुस्तीतील विजय एका दिवसाचा होता. अभ्यासाची पद्धती पिढ्यान्‌पिढ्यांची ठरली. सागवानाचा किंवा शिसवीचा खांब तळाशी जाड, वर निमुळता, आणि शेवटी मान व बोंड असा घडवितात. त्यास एरंडेल लावतात. अशा निसरड्या खांबास नुसती मिठी मारून भागत नाही. प्रथम अढी शिकावी लागते, म्हणजे पायांची पकड साधावी लागते. मग उड्या, फिरक्या, तोल सांभाळून धरावयाच्या पकडी असा क्रम असतो. केवळ बळाच्या भरवशावर चढणारा दमून खाली घसरतो. श्वास, तोल आणि वेळ साधणारा किरकोळ मुलगाही बोंडावर उभा राहतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव गंगातीरी ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. बाळंभटदादाही त्यांच्यामागे गेले. राज्य गेले, दरबार गेला. पण विद्या शिकविण्यास राज्य लागत नाही. ब्रह्मावर्तात वाढलेली मनू, म्हणजेच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई, हिनेही तेथेच मल्लखांबाचे धडे घेतले, असे परंपरा सांगते. दादा १८५२ साली निवर्तले. त्यांच्या शिष्यपरंपरेने ही विद्या ठिकठिकाणच्या आखाड्यांत नेली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले असता आमच्याच विदर्भातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविली.

आता पुन्हा आमच्या बांबूकडे वळू. १९४० साली अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅम यांनी बांबूच्याच दांड्याने जगात प्रथम १५ फूट उंची ओलांडली. धावण्याचा वेग, दांडा रोवण्याची नेमकी घटका, लोंबकळत्या अंगाचा झोका, पाय वर नेऊन देह उलटा करणे आणि योग्य क्षणी दांडा सोडणे, या साऱ्यांचा मेळ बसल्यावाचून ते घडत नाही. आपल्या अरण्यात बांबू आहे, सागवान आहे, आणि मुलांच्या अंगी रानावनात कमावलेले बळही आहे. उणीव आहे ती धीराने शिकविणाऱ्यांची आणि धीराने शिकणाऱ्यांची.

तो विद्यार्थी मनगट बरे झाल्यावर पुन्हा मैदानावर आला. या खेपेस आम्ही त्यास काठी दिलीच नाही. कित्येक आठवडे केवळ धावणे, रोवणे आणि झोका घेणे एवढेच करविले. पालकांस आमची नम्र विनंती आहे की, आपला मुलगा किरकोळ आहे म्हणून त्यास मैदानापासून दूर ठेवू नये, आणि दणकट आहे म्हणून त्यास शिकण्याचे काही उरले नाही असेही मानू नये. बळ हे देणे आहे. विद्या ही कमाई आहे. बाळंभटदादांनी अंगी बळ असताही ती कमाई केली, म्हणूनच आजही खांबास हात लावण्यापूर्वी मुले त्यांचे नाव आदराने घेतात.